बाईंनी बदललेली नळी

आमच्या जपानीच्या बाईंसमोर 'कप फुटला' असं म्हणायची सोय नव्हती. व्याकरणात काही चूक नसे, उलट जपानी माणसं तसंच बोलतात. पण कुणी 'कोवारेता', म्हणजे 'फुटला', म्हटलं की बाई हातातला मार्कर खाली ठेवायच्या आणि शांतपणे विचारायच्या, "कुणाच्या हातून?" माझ्या, असं उत्तर आलं की म्हणायच्या, "मग 'कोवाशिता' म्हणा. फोडला. दोन्ही क्रियापदं येऊ देत, पण आपला हात असेल तेव्हा दुसरं." पहिल्या महिन्यात मला वाटलं, बाई जरा खाष्टच आहेत. मग एकदा घरी दूध उतू गेलं आणि लक्षात आलं की आपल्याकडेही हेच आहे. दूध उतू जातं, डाळ करपते, काच तडकते. आपण बिचारे नुसते शेजारी उभे असतो.

नागोयात मी सात वर्षं होते. माझं काम मोजणीचं. इंजिनांच्या आणि पंपांच्या भागांत जी लांब, बारीक भोकं पाडलेली असतात ती आतून सरळ आहेत का, गुळगुळीत आहेत का, हे बघायचं. कोल्हापूरला उद्यमनगरात वडिलांचं लेथचं छोटं वर्कशॉप होतं, तिथे शाळेच्या दप्तरासकट बसून मी हे बघायला शिकले. कंपनीत इंग्रजीवर निभायचं, पण कचरा कुठल्या वारी कुठल्या पिशवीत टाकायचा हे इंग्रजीत कळेना, म्हणून वॉर्डातल्या कोमिंकानमध्ये, म्हणजे तिथल्या समाजमंदिरात, दर गुरुवारी संध्याकाळी चालणाऱ्या मोफत वर्गाला जायला लागले. आम्ही सात-आठ जणी होतो, त्यात चौघी पुण्या-मुंबईच्या. शिकवायला या बाई. वय चौसष्ट, उंची चार फूट दहा इंच, केस मुलासारखे कापलेले. ओकुमिकावाच्या डोंगरातल्या एका खेड्यातून दोन तास स्वतःचा छोटा पांढरा ट्रक चालवत यायच्या, रात्री बहिणीकडे राहायच्या आणि सकाळी परत जायच्या.

सगळे त्यांना 'सेन्सेई' म्हणत. मी एकदा सांगितलं की आमच्या शाळेत शिक्षिकेला आम्ही 'बाई' म्हणायचो. त्यांनी तो शब्द दोनदा उच्चारून पाहिला आणि खुदकन हसल्या. जपानीत 'बाई' म्हणजे पट, दुप्पट, तिप्पटमधला. "माझी उंची बघता बरंच आहे," त्या म्हणाल्या. "मला तुम्ही बाईच म्हणा." तेव्हापासून त्या माझ्या बाई, आणि मी त्यांची मेधा-सान.

वर्गाची सुरुवात नेहमी एकाच प्रश्नानं व्हायची. रविवारी काय केलंत? आमची उत्तरंही ठरलेली. मॉलमध्ये गेले. मुलांचे कपडे धुतले. आईशी व्हिडिओ कॉल केला. मग आमच्यापैकी कुणीतरी बाईंना उलट विचारायचं. डिसेंबरातल्या एका गुरुवारी त्या गालावर मोठा ओरखडा घेऊन आल्या होत्या. आम्ही विचारलं, "बाई, रविवारी काय केलंत?" त्या म्हणाल्या, "मी एक हरीण मारलं." माझ्या शेजारच्या पुण्याच्या मुलीनं वहीच मिटली. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, पण आवाज वर गेला नाही की खाली आला नाही. "हे वाक्य मी सौम्य करून सांगू शकले असते," त्या म्हणाल्या. "पण हरणाच्या बाबतीत ते बरोबर नाही."

त्यांचे यजमान जंगल खात्यात होते. बाई त्यांचा उल्लेख 'शुजिन' असा करायच्या. त्याचा शब्दशः अर्थ मालक. आमच्याकडेही खेड्यात बायका नवऱ्याला 'मालक' म्हणतात असं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग मला सगळीकडे चाललं असतं." डोंगरातली माणसं शहरांत गेली, शेतं ओस पडली आणि हरणं वाढली. सुगी-हिनोकी या देवदारासारख्या झाडांची नवी रोपं, झाडांच्या साली, उरल्यासुरल्या म्हाताऱ्यांचं भात, सगळं ती फस्त करायची. जमिनीवर एक हिरवं पान राहीनासं झालं की पावसात डोंगर खाली सरकतो. म्हणून गावचे शिकारी हिवाळ्यात हरणं मारत, आणि यजमान त्यांतले सगळ्यांत शांत नेमबाज होते. बाईंच्याकडे मांस कापायचं काम असायचं. तीस वर्षं त्यांनी बंदुकीला हात लावला नाही. लावायची कायद्यानं परवानगीच नव्हती.

यजमान अठ्ठावन्नाव्या वर्षी हृदयविकारानं गेले. जपानात ज्याच्या नावावर बंदूक, त्यानंच ती बाळगायची. बायकोनंसुद्धा ती कपाटात ठेवून चालत नाही. त्यामुळे नवऱ्यापाठोपाठ त्यांची रायफलही घराबाहेर गेली. ती घेतली ओगुरी-सान नावाच्या एका म्हाताऱ्या बंदूकवाल्यानं. खालच्या गावात त्यांचं दुकान होतं. बाई तेव्हा बावन्न वर्षांच्या. यजमान जाऊन चाळीसेक दिवस झाले तेव्हा त्या दुकानात गेल्या आणि विचारलं, ही मला हवी असेल तर काय करावं लागेल? ओगुरी-साननी सांगितलं: परीक्षा, डॉक्टरचा दाखला, पोलिसांच्या चौकशा, मग साधी छऱ्याची बंदूक, आणि ती सलग दहा वर्षं बिनबोभाट वापरली तर रायफलीचा अर्ज. बाईंनी सगळं केलं. दहा वर्षं! त्या काळात ओगुरी-साननी ती रायफल मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवली आणि कुणी गिऱ्हाईकानं विचारलं तर 'गेली' म्हणून सांगितलं. त्रेसष्टाव्या वर्षी बाईंनी यजमानांची रायफल स्वतःच्या नावानं घरी आणली. दस्ता त्यांच्या हाताला लांब पडत होता, तेवढा कापून घेतला. बाकी कशाला हात लावू दिला नाही.

मी त्या रायफलीला कधीही शिवले नाही. बाई घरी बोलवायच्या, चहा आणि मुळ्याचं लोणचं पुढे ठेवायच्या, पण बंदुकीचं कपाट बंदच. मला त्या कागद दाखवायच्या. रेंजवर शंभर मीटरवरून नेम धरून गोळ्या झाडलेले लक्ष्याचे कागद. यजमानांनी ते बिस्किटांच्या चौकोनी डब्यात जपले होते. या नळीला कुठलं काडतूस मानवतं हे शोधायला त्यांना दोन हिवाळे लागले होते. त्यांच्या चांगल्या कागदांवर तीन गोळ्यांचं मिळून एकच भोक दिसायचं, कडेला जरासं तीन पाकळ्यांसारखं. बाईंच्या पहिल्या वर्षाच्या कागदांवर तीन भोकं एकमेकांना चिकटून असायची. मी खिशातली पट्टी काढून मोजायचे. माझी मोजण्याची खोड त्यांना आवडायची. "यजमानांना तुम्ही पसंत पडला असतात," त्या म्हणायच्या, आणि कागद पुन्हा तारखेच्या क्रमानं लावून ठेवायच्या.

मी नागोयात येऊन दोन वर्षं झाली असतील, तेव्हा बाईंच्या उजव्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली. आतला स्नायू फाटला होता. डॉक्टरांनी कपडे वाळत घालायला हरकत नाही म्हणून सांगितलं. रायफलीचं त्यांना विचारलंच नव्हतं. त्या रायफलीचं काडतूस ताकदीचं, 'सान-मारु-हाची', म्हणजे तीन-शून्य-आठ. नळी आतून साडेसात मिलिमीटरच्या वर. आणि डोंगर चढायला बरी म्हणून रायफल वजनाला हलकी. चाप ओढला की मागे बसणारा दणका यजमानांच्या खांद्यानं तीस वर्षं सोसला होता. बाईंच्या गळ्याच्या हाडाखाली हिवाळाभर काळानिळा डाग दिसायचा. त्यांनी दस्त्याला रबराची गादी लावून पाहिली. दारू कमी भरून पाहिली, तर ओगुरी-साननी मनाई केली: आताच्या तांब्याच्या गोळ्या वेगात आदळल्या तरच उमलतात, नाहीतर आरपार जाऊन जनावराला नुसतं भोक पाडतात. नळीच्या तोंडाला दणका कमी करणारं टोपण बसवता येतं, पण त्यानं आवाज दोन्ही बाजूंना फुटतो, आणि बाईंचा डावा कान आधीच अधू झाला होता. त्या वर्षीचे कागद त्यांनी मला दाखवले नाहीत. मीही मागितले नाहीत.

मग जानेवारीतला एक गुरुवार आला. आमच्या रविवारांची उजळणी झाली, आणि नव्यानंच आलेल्या एका मुलीनं बाईंना विचारलं, "तुम्ही काय केलंत?" बाई खुर्चीत बसल्या. त्या शिकवताना कधी बसत नसत.

"रविवारी मी एका हरिणीचा मागचा पाय मोडला," त्या म्हणाल्या. "अंतर फार नव्हतं. ती पळाली. सूर्य मावळेपर्यंत आम्ही रक्ताचा माग काढला, पण ती सापडली नाही. सोमवारी सकाळी कुत्र्यांनी शोधली. दोन ओढे ओलांडून गेली होती. जिवंत होती."

मग त्यांनी पुस्तक उघडलं. म्हणाल्या, "चला. पान बेचाळीस."

वर्ग सुटल्यावर त्यांनी मला थांबवलं. "मेधा-सान, तुम्ही भोकांच्या आतलं बघता ना? ओगुरी-सानच्या दुकानात याल का? नळी थकली आहे की मी, एवढंच मला बघायचं आहे."

शनिवारी गेलो. ओगुरी-सान सत्तरी ओलांडलेले, बोटं काळी, बोलणं अगदी बेताचं. त्यांनी रायफल स्वतःच्या हातात धरली, बोल्ट काढला आणि बारीक कॅमेरा नळीत सरकवला. मी पडद्याकडे पाहत राहिले. नळीच्या आतले पीळ, ज्यांच्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते, कडांना धारदार होते. काडतूस बसतं त्या टोकाला, उन्हाळ्यात तळ्याचा तळ तडकतो तसं बारीक जाळं होतं, पण इतक्या वर्षांनी ते असणारच. अशी नळी माझ्या मोजणीच्या टेबलावर आली असती तर मी डोळे झाकून शिक्का मारला असता.

बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. सहा-सात क्षणांत माझ्या मनात बरंच काही येऊन गेलं. नळी झिजली म्हटलं तर प्रश्नच मिटतो. झिजलेली वस्तू बदलतात, त्यात कुणाचा दोष नसतो. बाई म्हाताऱ्या होत नाहीत, यजमानांची वस्तू टाकून दिल्यासारखंही होत नाही. ओगुरी-सान खाली जमिनीकडे बघत होते. त्यांनाही तेच सुचलं असावं.

"थोडी झीज झालेली आहे," मी म्हणाले.

"किती?"

माझ्याकडे आकडा नव्हता. मी काहीतरी पुटपुटले: नव्या नळीच्या मानानं, एकंदरीत पाहता वगैरे.

"मेधा-सान," बाई म्हणाल्या, "कामावर तुम्ही असाच अहवाल देता?"

मी मान खाली घातली आणि म्हणाले, "नाही. नळी चांगली आहे, बाई. फार चांगली आहे. मी खोटं बोलले."

"बरं केलंत सांगितलंत," एवढंच त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज किंचित हलला होता, पण तो माझ्यावरच्या रागानं नाही. शेवटची एक सबब होती, ती मी त्यांच्या हातून काढून घेतली होती.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं डोंगरातल्या रेंजवर गेलो. ओगुरी-साननी सहा काडतुसं एका टोपीत टाकली. त्यांतली दोन नुसती दिसायला काडतुसं, आत दारू नसलेली. बाईंनी न बघता एकेक उचलायचं, भरायचं आणि नेम धरून चाप ओढायचा. मी मागे पिवळ्या रेषेपलीकडे उभी होते. पहिलं काडतूस वाजलं. दुसरं वाजलं. तिसऱ्याला नुसतं 'ठक्' झालं, आणि त्या शांततेत आम्ही दोघांनी पाहिलं: दणका आलाच नव्हता, तरी बाईंचा खांदा पुढे झेपावला, मान आत गेली आणि नळीचं टोक चार बोटं खाली बुडालं. अंग आपणहून मार चुकवत होतं. अशा क्षणी गोळी सुटली तर ती कुठे जाईल हे सांगायला कुणाची गरज नव्हती.

बाईंनी रायफल रिकामी करून ठेवली. कानांवरची टोपणं काढली. "दिसलं?" त्यांनी विचारलं.

"दिसलं," मी म्हणाले.

"मला नाही दिसलं. माझे डोळे मिटले होते." मग थांबल्या आणि स्वतःलाच दुरुस्त केलं. "मी मिटले होते."

ओगुरी-साननी उपाय त्याच दिवशी सांगितला. याच रायफलीला दुसरी, बारीक नळी बसवायची, सहा मिलिमीटरची. त्या काडतुसाचं बूड तेवढंच, त्यामुळे बोल्ट, दस्ता, चाप सगळं तेच राहतं, फक्त नळी बदलते. गोळी हलकी, दणका जवळजवळ अर्धा. हरणाला पुरते. मोठ्या रानडुकराला मात्र समोरून मारायची नाही. पण हे सांगताना त्यांचा चेहरा उतरला होता. "मी पन्नास वर्षं बंदुका विकतोय," ते मला हळूच म्हणाले. "अशा नळ्या दोन-तीनच पाहिल्या. नवी अशी निघेलच, हे मी कबूल करू शकत नाही."

बाईंनी लगेच होकार दिला नाही. त्या हिवाळ्यात त्या पुन्हा शिकारीला गेल्याच नाहीत. चेरी फुलल्या, गळल्या, भाताची लावणी झाली, त्सुयूचा, म्हणजे तिथल्या पावसाळ्याचा, पाऊस लागला. वर्गात त्या नेहमीसारख्याच होत्या. जूनमध्ये एकदा मी त्यांच्या घरी गेले तेव्हा टेबलावर तीन कागद मांडलेले होते: यजमानांचा एका भोकाचा, स्वतःचा पहिल्या वर्षाचा, आणि गेल्या हिवाळ्यातला. तिसऱ्यावरची भोकं डावीकडे खाली पांगली होती.

"दहा वर्षं मी कशासाठी थांबले?" त्यांनी विचारलं. "लाकडासाठी? ओगुरी-सान म्हणतात, रायफल म्हणजे नळीच, बाकी सगळं ती धरण्यासाठी. मग ती काढली तर माझ्याकडे काय राहतं?"

मला राहवलं नाही. मी म्हणाले, "बाई, मग शिकारच सोडून द्या ना. ही अशीच राहू द्या."

"खांदा गेलाय. पाय शाबूत आहेत, डोळेही आहेत. गावात डोंगर चढणारे आम्ही सहा जण उरलोय. मी नुसतं कपाट जपायला परवाना ठेवायचा का?" त्या बाहेर पावसाकडे वळल्या. मग सांगू लागल्या. हरिणी जिथे सापडली तिथलं गवत त्यांच्या डोळ्यांपुढून जात नव्हतं. मोडक्या पायानं तिला धड बसता येईना, म्हणून रात्रभर ती एकाच जागी फिरत राहिली होती. गवताचं गोल रिंगण झालं होतं, थाळ्यासारखं. "यजमानांनी दोन हिवाळे घालवून ती नळी जुळवली, ती कागदावर एक भोक पडावं म्हणून नव्हे. हरणाला काही कळायच्या आत संपावं म्हणून. ते काम ती त्यांच्या हातात करायची. माझ्या हातात करत नाही. मग मी त्यांचं नेमकं काय सांभाळतेय?"

त्यांनी तिन्ही कागद डब्यात ठेवले आणि दुसऱ्या दिवशी ओगुरी-सानना फोन केला.

पोलिसांचे कागद झाले, परदेशातून नळी मागवली गेली. जुनी नळी काढून झाली त्या दिवशी बाईंनी मला बरोबर नेलं. ओगुरी-साननी विचारलं, जुनी नळी जादा जोडनळी म्हणून परवान्यावर ठेवायची का, नाहीतर कायद्यानं ती कापून मोडीत काढावी लागेल? अर्ज करता येतो. मलाही ते पटलं. मी म्हणाले, "ठेवा ना बाई, कपाटात राहील."

"राहील," बाई म्हणाल्या. "आणि एखाद्या नोव्हेंबरात खांदा जरा बरा वाटला की मी ती परत चढवीन. मला मी ठाऊक आहे. कापा."

कापण्याआधी त्यांनी एक मागणं केलं. यजमान नळी साफ करायचे तेव्हा बाई पलीकडच्या टोकाला टॉर्च धरून बसायच्या, आणि ते अलीकडून आत बघायचे. रायफल स्वतःच्या नावावर आल्यापासून त्या नळी खिडकीकडे धरून एकट्याच बघत आल्या होत्या. "आज तुम्ही टॉर्च धरा," त्या मला म्हणाल्या. ओगुरी-साननी नळी आडवी धरली. मी तिला न शिवता एका टोकाला फोनचा दिवा धरला, बाईंनी दुसऱ्या टोकाला डोळा लावला. त्यांना काय दिसत असेल ते मला माहीत होतं: एकात एक उजेडाच्या कड्या, आणि शेवटी एक पांढरा ठिपका. माझा हात अवघडला, पण मी हलले नाही. बऱ्याच वेळानं त्या बाजूला झाल्या, डोळा पुसला आणि ओगुरी-सानना वाकून म्हणाल्या, "ओनेगाइशिमासु," म्हणजे आता तुमच्यावर सोपवलं. मी उद्यमनगरात वाढलेली मुलगी. लोखंडावर करवत चालल्याचा आवाज मला अंगाईसारखा. त्या दिवशी मात्र मी दुकानाबाहेर जाऊन उभी राहिले. बाई आतच होत्या, शेवटचा तुकडा पडेपर्यंत.

नवी नळी यायला आठ महिने लागले. पहिल्या कागदावरची तीन भोकं बाटलीच्या झाकणाखाली झाकली जातील एवढी होती. वाईट नव्हे, पण यजमानांच्या नळीची सर नाही. नंतरही आली नाही. बाईंनी कागदावर तारीख घातली आणि त्याच डब्यात सगळ्यांत वर ठेवला. "डोळे उघडे होते," त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्यांनी चार हिवाळे शिकार केली. गुरुवारच्या उत्तरांत आता एक नवंच वाक्य यायचं: "रविवारी मी एक रानडुक्कर जाऊ दिलं." एकदा चांगलं धिप्पाड डुक्कर त्यांच्या समोरून गेलं आणि त्यांनी चाप ओढला नाही, म्हणून गावचे शिकारी कुरकुरले. बाई म्हणाल्या, "माझी गोळी लहान आहे. तिच्यापेक्षा मोठा हट्ट मी करणार नाही." जी हरणं त्यांनी मारली, त्यांतलं एकही पुढे पळालं नाही. वर्गात सांगताना त्या हे मुद्दाम सांगायच्या नाहीत. विचारलं तरच.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही टोकियोच्या बाजूला, ग्योतोकुला राहायला गेलो. मी बाईंना जपानीतून पत्रं लिहायची. ती लाल शाईनं तपासून परत यायची, त्यांच्या स्वतःच्या पत्रासोबत. एका पत्रात त्यांनी कळवलं की चढावर आता थांबावं लागतं, म्हणून परवाना मी परत केला. 'घेतला गेला' नव्हे, 'मी परत केला'. रायफल ओगुरी-सानच्या दुकानात गेली, पण फार दिवस राहिली नाही. शेजारच्या गावात चिहारु नावाची एक मुलगी जंगलात झाडं तोडण्याचं काम करते. तिची छऱ्याच्या बंदुकीची दहा वर्षं नुकतीच भरली होती. अंगानं बारीक, बाईंपेक्षा चार बोटंच उंच. तिला ती रायफल खांद्याला लावताच बसली. तो पूर्ण हिवाळा बाई तिच्याबरोबर रेंजवर जायच्या आणि मागे उभं राहून तिचे डोळे बघायच्या.

मार्चमध्ये बाईंना पोटाचा कर्करोग निघाला. फार पुढे गेलेला. मी दोनदा हॉस्पिटलात जाऊन आले. दुसऱ्या खेपेला त्यांना बोलवत नव्हतं. मी त्यांना स्थानिक वर्तमानपत्र वाचून दाखवलं, भाताच्या लावणीची बातमी. एका शब्दाचा माझा उच्चार चुकला, तेव्हा त्यांनी चादरीवर बोट आपटलं. मी तो शब्द पुन्हा नीट म्हटला. त्यांनी डोळे मिटून मान हलवली. जुलैमध्ये त्या गेल्या. मी तेव्हा कोल्हापुरात होते, आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी. मला पोचता आलं नाही.

नोव्हेंबरात शिकारीचा मोसम सुरू झाला आणि दुसऱ्याच आठवड्यात चिहारुचा फोन आला, येऊ शकाल का म्हणून. आधी शिंकानसेन ही वेगवान गाडी, मग डोंगरातली दोन डब्यांची गाडी, असं करत मी बाईंच्या घरी पोचले. बाईंच्या बहिणीनं घर उघडून ठेवलं होतं. देव्हाऱ्यात यजमानांच्या फोटोशेजारी आता बाईंचा फोटो होता. चिहारु कामाच्याच कपड्यांत होती. तिनं उदबत्ती लावली, फोटोसमोर गुडघ्यांवर बसली आणि वर्गात उभं राहून सांगावं तसं सांगितलं: "सेन्सेई, रविवारी मी एक हरीण मारलं. ओढ्याच्या वरच्या बाजूला, साठ मीटरवरून. एक गोळी. ते जागेवरून हललं नाही." तिनं वाकून जमिनीला डोकं टेकलं आणि बराच वेळ तशीच राहिली.

निघताना तिनं गाडीतून बर्फाची पेटी आणली. आत कापडात बांधलेलं पाठीचं मांस होतं, चांगलं दोन किलो. म्हणाली, बाईंनी हॉस्पिटलातूनच सांगून ठेवलं होतं. या रायफलीनं माझं पहिलं हरीण होईल, त्यातला हा भाग मेधा-सानला द्यायचा. त्यांच्याकडे कोल्हापूरचा मसाला आहे, त्यांना करता येतं.

ती पेटी मी वरच्या फळीवर ठेवली नाही. टोकियोपर्यंत मांडीवर घेऊन बसले. शेजारी बसलेल्या एका प्रवासी महिलेनं एकदा विचारलं, जड आहे का, मी सरकू का? मी म्हणाले, नाही, ठीक आहे. घरी पोचल्यावर हातपाय धुऊन मी कांदा चिरायला घेतला.